अकरा घरांचा गुरुवार

माझ्या तोंडाला सगळी गल्ली वचकून असते. दूधवाल्यानं पाणी घातलं, नळवाल्यानं पाणी सोडलं नाही, कुणी माझ्या दारासमोर गाडी लावली, की मी सुरू. नवरा म्हणतो, तुझ्या तोंडाला कुलूप लावलं तर अर्धं जुनं जालना सुखानं जेवेल. तो वर्षातून चार वाक्यं बोलतो, त्यातलं हे एक. तर अशी मी बाई, तीन महिने एका गोष्टीवर तोंड शिवून बसले होते. त्याचंच सांगते.

मस्तगडच्या खालच्या अंगाला आमची गल्ली. दोन्ही बाजूंची मिळून अकरा घरं, मधून एक ऑटो कसाबसा जातो. मी ब्लाउज शिवते. उजेड मिळावा म्हणून मशीन दारातच ठेवलंय. त्यामुळे गल्लीत कोण आलं, कुणाकडे गेलं, किती वेळ बसलं हे सगळं मला दिसतं. आणि माझ्याकडे कोण आलं ते गल्लीला दिसतं. सगळ्यात जास्त दिसतं ते समोरच्या घराला. तिथं राहणाऱ्या बाईंना आम्ही सगळे मावशी म्हणतो, आणि माझ्या होणाऱ्या जावयाच्या त्या सख्ख्या मावशी आहेत. हे स्थळ त्यांनीच आणलं. त्यांच्या बहिणीचा मुलगा, घर अंबडला, नोकरी इथं स्टीलच्या कारखान्यात. मुलगा चांगला, माणसं चांगली, माझ्या लेकीला पसंत. साखरपुडा झाला, लग्न पाच महिन्यांनी ठरलं. आणि हातावरची मेंदी उतरायच्या आत लेक खोकायला लागली.

आधी ओवा, मग हळद-दूध, मग मेडिकलमधून आणलेली बाटली. खोकला काही हटेना. संध्याकाळ झाली की अंग गरम लागायचं. मी मनाची समजूत घालत होते की बदलती हवा आहे. पण साखरपुड्याला शिवलेला ब्लाउज तिनं एक दिवस घातला, तर तो दोन्ही बाजूंनी बोटभर सैल. माझ्या हातचं माप चुकत नाही. मी टाचण्या तोंडात धरून तशीच उभी राहिले, कारण काय असू शकतं ते मला त्या क्षणी कळलं होतं.

सरकारी दवाखान्यात न्यावं तर तिथं ओळखीचं कुणीतरी भेटणारच. म्हणून गावाबाहेर शेताच्या कडेला सिस्टर लोकांचा दवाखाना आहे, तिथं नेलं. गाडीवरच्या पोरी तोंडाला स्कार्फ बांधतात तसा लेकीनं बांधला, आणि पन्नाशीला आलेली मीही बांधला. ऑटोवाला आरशातून सारखं बघत होता.

दवाखान्यात एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. राखाडी साडी, गळ्यात लहानसा क्रॉस, चष्म्याला दोरी. केरळातून पोरवयात इकडे आलेल्या, पण बोलणं असं की मला वाटलं घनसावंगीकडच्याच असतील. त्यांनी तपासलं, थुंकी घेतली, छातीचा फोटो काढायला पाठवलं. दोन दिवसांनी परत गेलो तेव्हा म्हणाल्या, "टीबी हाय."

मी म्हणलं, "हळू बोला."

"इथं कोणी न्हाई बाई."

"तरी बी हळू बोला."

त्या हसल्या नाहीत, उगी धीरही दिला नाही. लेकीला म्हणाल्या, "पोरी, सहा महिने गोळ्या. एक दिवस चुकवायचा न्हाई. बिलकुल बरी होशील. थोड्या दिवसांनी दुसऱ्याला लागायची भीती बी जाती." मग घरात कोण कोण आहे ते विचारून आम्हा दोघा नवरा-बायकोलाही तपासून घ्यायला सांगितलं.

मी म्हणलं, "चार महिन्यांवर लग्न हाय हिचं."

"होऊ द्या की. मी कुठं थांबवून राह्यले?"

इथपर्यंत ठीक होतं. पुढचं ऐकलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणाल्या, दर आठवड्याला आम्ही घरी येऊन बघू. लोकांना जरा बरं वाटलं की गोळ्या सोडून देतात, मग रोग परत येतो आणि गोळीला ऐकत नाही. मी म्हणलं, तुम्ही येऊ नका, आम्हीच इकडं येतो. नाही म्हणाल्या, घर बघावं लागतं, जेवण बघावं लागतं. मी म्हणलं, "सिस्टर, तुमची ही साडी आमच्या गल्लीत शिरली की समोरच्या मावशीला कळलं, अन् मावशीला कळलं की अंबडला कळलं. मोडलं मंग लग्न." त्या म्हणाल्या, "पत्ता सांगा."

मी पत्ता सांगितला. चुकीचा. जिथून मी धागे-बटणं घेते त्या दुकानामागच्या गल्लीचा. निघताना लेक स्कार्फ विसरला म्हणून आत गेली आणि आली. ऑटोत बसल्यावर म्हणते, "आई, मी खरा पत्ता देऊन आले." तिथून घरापर्यंत मी तिला जे बोलले ते इथं लिहीत नाही. ती ऑटोबाहेर बघत खोकत राहिली.

गुरुवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी राखाडी साडी दिसली. दोघी होत्या, त्या दोघी-दोघीनंच फिरतात. म्हाताऱ्या सिस्टर पुढं, मागं एक शिकाऊ पोरगी बॅग घेऊन. मशीनची सुई माझ्या बोटात जाता जाता राहिली. आता या सरळ माझ्याकडे येणार, समोर मावशी तांदूळ निवडत बसल्यात, संपलं सगळं. पण सिस्टर कोपऱ्यावरच्या घरात शिरल्या, तिथल्या मुसलमान आजींना आम्ही खाला म्हणतो. आतून आवाज आला, "बीपी बघाया आलो. शुगर बी बघू." दहा मिनिटांनी बाहेर आल्या आणि शेजारच्या घरात गेल्या. मग त्याच्या शेजारच्या. पाचव्या घरातून निघून सहाव्या, म्हणजे माझ्या, दारात आल्या आणि मला अनोळखी बाईसारखं विचारलं, "येऊ का आत?"

आधी माझ्याच दंडाला पट्टा बांधला. म्हणाल्या, "तुमचंच जास्त हाय बाई. चिडचिड करता का?" मग आत जाऊन लेकीचे डोळे बघितले, वजन घेतलं, गोळ्यांची रिकामी पाकिटं बघितली. मी ती हुक-बटणांच्या डब्यात तळाशी ठेवली होती. बराबर दहा मिनिटं झाली आणि उठल्या. मी चहा विचारला. "न्हाई. एका घरी घेतला तर अकरा घरी घ्यावा लागंल." आणि सरळ समोर मावशींकडे गेल्या. तिथंही दहा मिनिटं.

त्या गल्लीबाहेर पडल्या तेव्हा कुठं मला उमगलं. माझ्या एका लेकीची अब्रू झाकायला त्या बाईनं दहा घरांचं बीपी मोजलं होतं. उन्हात, त्या वयात. मी स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडात धरून रडले. चुकीचा पत्ता दिला होता त्यांना मी.

मग दर गुरुवार तसाच. बायका म्हणायला लागल्या, सिस्टर लोकांनी काही योजना काढली वाटतं. खालांची शुगर निघाली, त्यांचा गोड चहा बंद झाला. शेवटच्या घरातला एक जण मात्र चौकात बोलला की या बाया धर्म बदलायला येतात, आधी घरात शिरतात मग गळ्यात क्रॉस घालतात. मला कळलं तशी मी त्याच्या दारात. "तुझ्या आईच्या पायाची सूज दोन वर्षं तुला दिसली न्हाई, ती कोणी बघितली रे? तू देवाचं नाव घेऊन काय केलंस, अगरबत्ती लावलीस फक्त." घरी आले आणि दार लावून घेतलं. चोराच्या मनात चांदणं. वाटलं, एवढा पुळका का म्हणून कुणी विचारलं तर? खरं म्हणजे सिस्टरनी आमच्यात कधी देवाचं नाव काढलं नाही. काढलं ते गोळीचंच.

दोन महिन्यांत खोकला गेला. लेकीच्या गालावर तेज आलं, ब्लाउज परत अंगाला बसायला लागला. त्या गुरुवारी सिस्टर जाता जाता हळूच म्हणाल्या, "आता मुलाकडच्यांना सांगा. लग्नाआधी."

मी म्हणलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न लागलं की बघू."

"लग्नानंतर बी दोन महिने गोळ्या हाईत. तिथं कुठं लपवंल ती पोरगी? न्हाणीत बसून गिळंल का?"

"तुम्हाला काय सिस्टर, तुमचं लग्न न्हाई की कार्य न्हाई. मोडलं तर भोगणार आम्ही."

बोलून गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "मला तीन बहिणी हाईत. दोघींची लग्नं मोडलेली बघितली मी." मग उठल्या. "मी कुणाला सांगणार न्हाई. पण मला कोणी तोंडावर विचारलं तर खोटं बी बोलणार न्हाई. तेवढं ध्यानात ठेवा." झालं, तेव्हापासून त्या मावशींच्या घरात शिरल्या की माझा जीव टांगणीला लागायचा. ती दहा मिनिटं मला सरता सरायची नाहीत. मावशींनी विचारलं असंल का? यांनी सांगितलं असंल का? मावशी दारात आल्या की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे, आणि त्याही माझ्याकडे बघत असायच्या.

तिसऱ्या महिन्यात सिस्टरची बदली झाली. आम्ही गोळ्या आणायला गेलो तर त्या कपाटातलं सामान काढत होत्या. सामान म्हणजे काय, एक बॅग. पत्र आलं होतं, चार दिवसांत निघायचं, कुठंतरी नागपूरच्या पुढं. मला रागच आला. "असं कसं? इतकी वर्षं इथं काढली. तुम्हाला 'न्हाई' म्हणता येत न्हाई का?"

"आम्ही तेवढंच एक म्हणत न्हाई," त्या म्हणाल्या.

मी म्हणलं, नव्या येतील त्यांना आमच्या गल्लीचं सांगून ठेवा. सगळ्या घरांत जायला सांगा. "सांगते," म्हणाल्या. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मला त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागायची होती, ती मागितलीच नाही. त्यांनी माझा हात दाबला आणि बीपीची गोळी वेळेवर घ्या म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी नवी सिस्टर आली. तिशीची असंल नसंल, झारखंडकडची, हातात रजिस्टर, मागं बॅग घेतलेली एक नवी पोरगी. गल्लीच्या तोंडाशी थांबून तिनं पान बघितलं. खालांनी दार उघडून ठेवलं होतं, त्यांच्याकडे बघून हसली आणि पुढं गेली. दुसरं घर सोडलं. तिसरं सोडलं. मी मशीन थांबवलं. ती पाचही घरं ओलांडून सरळ माझ्या दारात आली. गल्लीतल्या सगळ्या बायका बघून राहिल्या.

मी तिला आत ओढलंच. "बाकीची घरं का सोडली?"

ती गोंधळली. मोडक्या मराठीत म्हणाली, "रजिस्टरमध्ये पाहिलं. त्यांचं बीपी, शुगर आता ठीक आहे. मला आज अजून चार वस्त्यांत जायचंय. ज्याला गरज आहे त्याच्याकडे आधी जायचं, असं आम्हाला शिकवलंय."

"सिस्टरनी सांगितलं न्हाई का, सगळीकडं जा म्हणून?"

"सांगितलं. मला वाटलं, त्यांना माणसांची आवड, म्हणून जात असतील."

तिनं वजन घेतलं, पाकिटं बघितली, उठली. मी दारात उभी राहून मनात म्हणत होते की आता निदान गल्लीबाहेर तरी लवकर जा बाई. ती बाहेर पडली, रजिस्टर बघितलं, आणि सरळ समोर मावशींच्या घरात गेली. दहा मिनिटांनी निघाली आणि गल्लीबाहेर गेली. बाकी नऊ घरांकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही.

मावशी त्यांच्या दारात उभ्या होत्या. मी माझ्या. मध्ये चार पावलांची गल्ली. त्यांनी दार लोटलं.

मी तासभर मशीनवर बसले. एक टाका धड पडेना. शेवटी उठले आणि दार ढकलून आत गेले. मावशी पलंगावर बसल्या होत्या.

"मावशी, ती तुमच्याकडं कशाला आल्ती?"

"तुझ्याकडं कशाला आल्ती?"

मी दाराला टेकले. मावशींनी उठून ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पाकीट काढून माझ्यासमोर धरलं. ते पाकीट मी झोपेतही ओळखलं असतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"खोकला तुझ्या पोरीच्या साखरपुड्यापासून, गोळ्या तीन महिन्यांपासून. मिरचीच्या धुराचा खोकला हाय म्हणून सांगत होते सगळ्यांना. सिस्टरला म्हणलं, माझ्या दारात येऊ नका, समोर माझी होणारी विहीण मशीन लावून बसती. त्या म्हणल्या, मी सगळ्यांच्याच दारात जाते. बिचाऱ्या माझ्यापायी अकरा घरं फिरल्या." मग माझ्याकडे बघून थांबल्या. "अन् तू?"

"मी न्हाई. पोरगी."

मावशी पलंगावर टेकल्या. मला वाटलं, आता सुरू होतील. पण त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायला. मीही. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दोघी समोरासमोर बसून एकमेकींपासून तीच गोळी लपवत होतो. मी म्हणलं, "मावशी, मला सांगायचं तरी."

त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तुला? तू म्हणली असतीस, मुलाच्या मावशीलाच टीबी, त्या घरात आपली पोरगी न्हाई द्यायची. तुझं तोंड मला ठाव न्हाई का?"

खरं सांगते, म्हणलं असतं. माझ्या घरात तोच रोग नसता तर गल्लीच्या मधोमध उभं राहून म्हणलं असतं. हे मला तेव्हा कळलं, आणि ते कळणं सगळ्यात वाईट होतं.

मावशींनी उठून तोंड धुतलं. "उद्या बहिणीकडं जाऊ. माझं मी सांगते, तुझं तू सांग. मोडलं तर दोघी मिळून ऐकू." नव्या सिस्टरवर चिडायचं माझं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं अंबडला गेलो. वाटेत मावशी म्हणत होत्या, आधी पाणी पिऊ, मग इकडचं तिकडचं बोलू, मग हळूच विषय काढू. मी हो हो म्हणत होते. मुलाची आई ओसरीवर सुपात तूर पाखडत बसली होती. "अगं या, अचानक?" म्हणाली, आणि मी चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. खोकला, टीबी, दवाखाना, गोळ्या, लपवणं. मावशींचंही मीच सांगितलं. त्या नुसत्या माझा पदर ओढत राहिल्या.

सूप थांबलं. मुलाच्या आईनं ते बाजूला ठेवलं. मनात मी आहेराच्या साड्या परत पाठवायला काढल्यासुद्धा होत्या.

"गोळ्या चालू हाईत?" तिनं विचारलं.

"हो."

"एक बी चुकली?"

"न्हाई. एक बी न्हाई."

मग ती चिडली. अशी चिडली की मी बघतच राहिले. "तीन महिने लेकरू एकटं गोळ्या गिळून राह्यलं अन् मला सांगितलं न्हाई? साखरपुडा कशाला केला मंग? काय खाती ती? अंडी खाती का? शेंगदाणे खाती का? लग्न लग्न काय लावलंय, गोळ्या पुऱ्या होऊ द्या, मंग धरू तारीख. लोकांचं लोकांपाशी." मग बहिणीकडे वळली, "अन् तू! सख्खी बहीण हाय का कोण हाय मी तुझी?" आम्ही दोघी ओसरीवर मान खाली घालून उभ्या. इतकी वर्षं मी सगळ्यांना बोलत आले. बोलून घेण्यात एवढं सुख असतं हे मला माहीत नव्हतं. ती जेवल्याशिवाय सोडेना. निघताना दाण्याचे लाडू बांधून दिले, दोन डबे, एकावर बहिणीचं नाव, एकावर सुनेचं.

बसस्टँडवर आल्यावर मी लेकीला फोन लावला. म्हणलं, "सांगितलं सगळं."

तिकडून हळूच, "मंग?"

"लग्न पुढं ढकललंय. मोडलं न्हाई. पोटभर जेव म्हणल्या तुला."

ती रडली असंल असं मला वाटलं, पण ती रडत नव्हती. म्हणाली, "आई, मंग आज त्याचा फोन आला की मी लवकर ठेवणार न्हाई. तीन महिने रोज दोन मिनिटांत ठेवत होते मी, तोंडातून निघून जाईल म्हणून."